कवळीवाल्या भाऊजींचं इंजिन

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दातांच्या कवळ्या करतात. ते दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य माणसाला तोंड उघडायला लावतात, माप घेतात आणि ते माप डबीत घालून भाऊजींकडे पाठवतात. पुढचं सगळं भाऊजी करतात. छत्तीस वर्षांत त्यांनी किती लोकांना खायला दात दिले याची मोजदाद नाही, पण त्या लोकांनी भाऊजींना कधी पाहिलेलं नाही आणि भाऊजीही त्यांना हिरड्यांपलीकडे ओळखत नाहीत. रस्त्यात एखादा गृहस्थ तोंड भरून हसला की भाऊजी ताईच्या कानाशी लागतात. "वरची आपली आहे," म्हणतात, "खालची दुसऱ्या कुणीतरी केलीय. बघ, कशी हलतेय."

आमचं घर दुमजली आहे. वर ताई आणि भाऊजी राहतात. खाली रस्त्याच्या बाजूला माझं शिवणकामाचं दुकान आणि त्याच्या मागे भाऊजींची कामाची खोली. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. त्यामुळे भाऊजींच्या खोलीत सुई पडली तरी मला ऐकू येते, आणि तिथे सुया पडत नाहीत, तिथे पॉलिशची मोटर चालते. सवयीने तिचा आवाज मला येईनासा झाला होता. पण रेल्वेच्या इंजिनांवर पाच माणसं एका वेळी बोलायला लागली की तो आवाज कुठल्याच सवयीने जात नाही. हे मी अनुभवाने सांगते.

भाऊजींना हा नाद लागला पन्नाशीला. मेणाचा साचा करणं, तो पांढऱ्या मिश्रणात पुरणं, भट्टीत मेण जाळून काढणं आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतणं, हे त्यांचं रोजचंच काम. दाढेवरची टोपी तशीच होते. एक दिवस त्यांनी दाढेऐवजी मेणाचं चाक केलं आणि पितळ ओतलं. चाक नखाएवढं, त्याला दहा आरे. ताईला वाटलं गुंडी आहे. तिने ते माझ्याकडे पाठवलं, "कुठल्या कोटाची पडली बघ" म्हणून. भाऊजी दोन दिवस ते चाक शोधत होते.

चाकामागून चाकं आली, आणि चाकांमागून माणसं. छोटी इंजिनं जमवणारी, बनवणारी, आणि मुख्यतः त्यावर बोलणारी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ही मंडळी भाऊजींच्या लांब टेबलाभोवती जमायची. एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर होते. पाव-बिस्किटांची भट्टी चालवणारे दोघे भाऊ होते, त्यांच्यात मिळून एकच इंजिन आणि एकच मत. आणि एक जमीन मोजणी कचेरीतले साहेब होते. त्यांना आम्ही दोघी बहिणी पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणायचो, कारण त्यांच्या वरच्या खिशात पेनाऐवजी स्टीलचं व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचाही हिस्सा मोजणारी पट्टी, असायचं.

मंडळाचा नियम असा की दर महिन्याला एकाने आपलं आवडतं इंजिन आणायचं आणि त्यावर दहा मिनिटं बोलायचं. हा नियम कागदावर होता. मास्तरांचं आवडतं इंजिन म्हणजे एक लांबलचक, निळं, लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारं. त्याच्यावर ते पहिल्या वेळी दीड तास बोलले आणि शेवटी म्हणाले, "ही झाली प्रस्तावना." पाववाल्या भावांपैकी एक वाक्य सुरू करायचा आणि दुसरा ते संपवायचा. मग पहिल्याला वाटायचं आपल्याला वेगळंच म्हणायचं होतं, की पुन्हा पहिल्यापासून. आणि कुणीही काहीही बोललं की मोजपट्टींचा हात खिशाकडे जायचा.

"जरा बघू," ते म्हणायचे. एवढंच. पण त्या दोन शब्दांनी माणसांचा रविवार नासायचा.

भाऊजींचं आवडतं इंजिन या सगळ्यांत बसणारं नव्हतं. गावच्या मालधक्क्यावर पूर्वी एक बुटकं वाफेचं इंजिन असायचं, सत्तेचाळीस नंबरचं. त्याचं काम शंटिंगचं, म्हणजे मालाचे डबे ढकलून या रुळावरून त्या रुळावर लावून द्यायचं. ते कधी गावाबाहेर गेलं नाही. त्याला कुणी हार घातले नाहीत की त्याचे फोटो काढले नाहीत. भाऊजी बाविसाव्या वर्षी कवळ्यांचं काम शिकायला लागले तेव्हा साच्यांच्या प्लास्टरची पोती मालधक्क्यावर उतरायची आणि ती आणायला ते जायचे. पोती मिळेपर्यंत तासभर उभं राहावं लागायचं. त्या तासात त्यांनी जे पाहिलं तेवढ्या भांडवलावर, तीस-पस्तीस वर्षांनी, ते सत्तेचाळीस नंबर करायला बसले. मधल्या काळात ते इंजिन कधीच भंगारात गेलं होतं.

तीन वर्षं लागली. वीतभर लांबीचं इंजिन, सगळं पितळेचं, रंग गडद हिरवा. ताईने मला वर बोलावून दाखवलं तेव्हा, खरं सांगते, मीसुद्धा हातातली कात्री खाली ठेवली. बॉयलरवरचे रिव्हेट खसखशीच्या दाण्याएवढे होते. त्यासाठी त्यांनी दात कोरायच्या यंत्राची सगळ्यात बारीक सुई वापरली होती.

त्यांच्या पाळीच्या रविवारी भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. इंजिन टेबलावर ठेवलं आणि उभे राहिले.

"हे ढकलायचं," ते म्हणाले. "दिवसभर ढकलायचं. मला आवडतं."

आणि खाली बसले. दहा मिनिटांचा नियम मोडून काढणाऱ्या त्या खोलीत वीस सेकंदांचं भाषण! प्लायवूडच्या अलीकडे मला वाटलं, आता टाळ्या होतील. मास्तरांनी हात जवळ आणलेही असतील. पण तेवढ्यात आवाज आला.

"जरा बघू."

पुढची पाच मिनिटं व्हर्नियर पितळेवर टकटकत होतं. मग मोजपट्टींनी निकाल सांगितला. धुराडं दीड मिलिमीटरने उंच आहे. ते एक वेळ चालेल. पण रंग साफ चुकलाय. मालधक्क्यावरची इंजिनं काळी असायची. तशी नोंद आहे. शिवाय त्यांच्याकडे एका जुन्या फोटोची प्रत आहे, त्यात मागच्या बाजूला सत्तेचाळीस नंबर अर्धा दिसतो, आणि तो काळा आहे.

"फोटो रंगीत आहे का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही. काळा-पांढरा."

"मग काळ्या-पांढऱ्या फोटोत ते हिरवं कसं येईल, साहेब? उद्या त्यात पोपट बसवलात तरी काळाच येईल!"

"पोपटाचा प्रश्न नाही. नोंदीचा प्रश्न आहे."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळ्यांना काय पुरावा?"

इथे भाऊजींचा पारा चढला. मी त्यांना इतक्या वर्षांत चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणून दारातून डोकावले. ते उठले, कपाटातून शेड गाइड काढलं आणि टेबलावर आपटलं. शेड गाइड म्हणजे दातांच्या रंगांचा नमुना, एका पट्टीवर सोळा दात, सोळा प्रकारचे पांढरे.

"यातला कुठलाही काढा. खिडकी बंद करा. मी नंबर सांगतो. सोळा पांढरे ओळखतो मी, आणि तुम्ही मला हिरवं-काळं शिकवता?"

मास्तर मध्ये पडले आणि म्हणाले की अशाच प्रकारचा वाद त्यांच्या निळ्या इंजिनाबद्दलही झाला होता. त्यावर बाकीचे चौघेही त्यांच्यावर ओरडले.

त्या दिवसापासून आमच्या घराला ग्रहण लागलं. सभा महिन्यातून एकदा होती, वाद रोजचा झाला. मोजपट्टी सकाळी कचेरीत जाताना नोंदीची एक नक्कल देऊन जायचे, संध्याकाळी भाऊजी त्या नकलेमागे उत्तर लिहून परत पाठवायचे. ती ने-आण माझ्या दुकानातून. मी गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेतेय, तोंडात टाचण्या, आणि हे साहेब दारात उभे.

"त्यांना म्हणावं, परिशिष्ट तीन नीट वाचा."

टाचण्या तोंडात असताना माणसाला जे म्हणावंसं वाटतं ते म्हणता येत नाही, हे त्यांचं नशीब.

भाऊजींचंही तेच. जेवताना हिरवं, झोपताना हिरवं. त्यांनी हिरव्याच्या नऊ छटा कालवून पत्र्याच्या तुकड्यांवर लावल्या आणि ते तुकडे वाळत ठेवले, कुठे, तर माझ्या इस्त्रीच्या टेबलावर. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर पाचवी छटा उमटली. मी तो शर्ट तीनदा धुतला. जाता जात नव्हती. रंग मात्र पक्का निवडला होता भाऊजींनी.

आणि मग हिरड्यांचं प्रकरण झालं. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची कवळी होती. कवळीच्या हिरड्यांसाठी गुलाबी पूड कालवायची असते. ती भाऊजींनी ज्या वाटीत कालवली तिच्यात आदल्या दिवशी हिरवा कालवला होता. वाटी धुतली होती, असं ते शपथेवर सांगतात. कवळी तयार झाली, पॉलिश झाली, ताईने डबीत भरून दवाखान्यात पाठवली. दुपारी फोन आला. ताईने उचलला आणि तिचा चेहरा उतरत गेला. मुख्याध्यापिका बाईंना सगळ्या दवाखान्यादेखत आरसा दाखवला होता, आणि बाईंच्या हिरड्या शेवाळल्यासारख्या दिसत होत्या.

चौतीस वर्षांच्या संसारात ताईने भाऊजींना तोडून बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ती कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "तुमचं इंजिन हिरवं असो, काळं असो, जांभळं असो. महिनाभरात याचा काय तो सोक्षमोक्ष लावा. नाहीतर ते इंजिन, ते साहेब आणि तुम्ही, तिघंही मालधक्क्यावर राहायला जा."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू काय नुसती ऐकत बसतेस गं? काहीतरी कर!"

जसं काही मीच इंजिन रंगवलं होतं.

पण मला करावं लागलं नाही, ते आपण होऊन दुकानात आलं. पुढच्याच आठवड्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. हातात पुरुषी कोट, जाड निळ्या कापडाचा, कोपरांना ठिगळं. बाह्या आखूड करून तो त्यांना स्वतःला घालता येईल असा करून हवा होता. कोटाच्या गुंड्या पितळी होत्या आणि प्रत्येकीवर चाकाचं चित्र.

"काकू, हा रेल्वेतला का?" मी विचारलं.

बाईंनी हाताने थांबायची खूण केली, पाठ फिरवली, तोंडातून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि मग माझ्याकडे वळल्या. "ही मेली बोलू देत नाही," त्या म्हणाल्या. "हो. रेल्वेतला. आमचे हे मालधक्क्यावर इंजिन चालवायचे. एकोणीस वर्षं एकच इंजिन. सत्तेचाळीस नंबर."

माझ्या हातातला खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले. मी वाकून उचलेपर्यंत मनात बेत ठरला होता.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी काकूंना सभेत घेऊन गेले. प्लायवूडच्या पलीकडे मी पहिल्यांदाच बसायला म्हणून गेले होते. त्या कोण आहेत हे सांगितल्यावर पाचही माणसं उभी राहिली. मोजपट्टींनी तर स्वतःची खुर्ची पुसून दिली. टेबलावर हिरवं इंजिन होतंच.

काकूंनी चष्मा लावला, इंजिनाकडे पाहिलं, आणि रुमालाची दुकानातल्यासारखीच तयारी केली. कवळी काढून रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे डबडं इथे कसं आलं?"

मला वाटलं, आता झालं. आता रंग सांगतील, भांडण संपेल, आणि मी दुपारी जेवून झोपेन. पण माझ्या कपाळी तसं लिहिलेलं नव्हतं. मोजपट्टींनी काकूंसाठी छापील प्रश्न आणले होते, बावीस. त्यांनी एक नंबरपासून सुरुवात केली. इंजिन कामावर कधी रुजू झालं? पाण्याच्या टाकीची क्षमता किती? बफरची उंची? काकू प्रत्येकाला "मला काय ठाऊक" म्हणत होत्या आणि मोजपट्टी प्रत्येक "मला काय ठाऊक" तारीख घालून लिहून घेत होते. मी दोनदा म्हटलं, "रंग विचारा ना." ते म्हणाले, "तो सतरावा आहे."

आणि भाऊजी? ज्या रंगापायी आम्ही सगळे वेडे व्हायची पाळी आली होती, तो सांगणारी बाई समोर बसलेली, आणि भाऊजी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते टेबलावरच्या रुमालाकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी रुमाल उलगडला, कवळी उचलली, उजेडात धरली, अंगठ्याने आतली बाजू चाचपली.

"कुणी केली ही?" ते म्हणाले.

"नववा प्रश्न चाललाय," मोजपट्टी म्हणाले.

"हिचा चावाच बरोबर नाही. उजवीकडे उंच आहे. काकू, तुम्ही जेवता कशा?"

"डावीकडून," काकू म्हणाल्या. "आणि मऊ करून. दोन वर्षं झाली." मग त्यांनी हनुवटीला हात लावला. "आता बाई पुरे करा. इतकं बोलायची सवय नाही राहिली, हिरड्या ठणकायला लागल्या. काय ते पुढच्या वेळी विचारा."

आणि त्या उठून गेल्या. दहाव्या प्रश्नावर.

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मोजपट्टी मला म्हणाले, "तुम्ही त्यांना मध्ये मध्ये बोलून दमवलंत." मी! मास्तर म्हणाले, माझ्या निळ्या इंजिनाबद्दल त्यांना विचारायचं राहिलंच. पाववाल्यांपैकी एक म्हणाला, "मला तर वाटलं त्या..." आणि दुसरा म्हणाला, "...काहीच म्हणाल्या नाहीत." मी हात जोडले आणि दुकानात येऊन शटर ओढून घेतलं.

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. काकूंची मापं त्यांनी घ्यावीत, कवळी मी करतो. मापं आली. पण काकू म्हणाल्या, माझे दात कुठे तयार होतात ते मला बघायचंय, मागच्या खेपेस न बघता घेतले आणि ही गत झाली. म्हणून त्या भाऊजींच्या खोलीत येऊन बसू लागल्या. पाच आठवडे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, खिडकीजवळच्या खुर्चीत, तो आखूड बाह्यांचा कोट घालून.

भाऊजी जबड्याच्या लोखंडी साच्यातल्या मेणात दात एकेक करून बसवायचे आणि काकू जमेल तसं बोलायच्या. विषय इंजिनाचाच. कौतुकाचा एक शब्द नाही. त्याचा ब्रेक अडकायचा, मग यांना खाली उतरून हातोडी मारावी लागायची. वाफेची एक नळी कायम गळायची आणि तिने यांच्या डाव्या पोटरीवर एवढा डाग दिला होता. बसायला जागा नव्हती म्हणून यांनी खोक्याची फळी ठोकून घेतली, तर वरच्या साहेबाने दंड केला. धुराडं एकदा माल उचलायच्या यारीला, म्हणजे क्रेनला, धडकलं आणि डावीकडे कललं, ते शेवटपर्यंत तसंच. डाव्या बाजूची पायरी पडून गेली ती कुणी पुन्हा लावलीच नाही.

"बारा वर्षं हे तसेच उडी मारून चढले," काकू म्हणाल्या. "गुडघे गेले."

प्लायवूडच्या अलीकडे मी हे सगळं ऐकत होते आणि वाट बघत होते. विचारा. आता विचारा. एक शब्द, 'रंग'. भाऊजी विचारायचे, "वर टोचतंय का? जीभ फिरवून बघा."

मोजपट्टी रोज दुकानात डोकवायचे. "विचारलं का?"

"हिरड्या बऱ्या होऊ देत, म्हणतात."

"हिरड्यांचा रंगाशी काय संबंध?"

मला मुख्याध्यापिका बाई आठवल्या.

एका शुक्रवारी काकू गेल्यावर मी आत गेले. भाऊजींनी इंजिन हातात घेतलं होतं आणि दुसऱ्या हातात पक्कड. त्यांनी धुराड्याला पक्कड लावली.

"भाऊजी!" मी ओरडले. "तीन वर्षं घातलीत त्यात!"

"डावीकडे कललेलं होतं म्हणाल्या."

"अहो, पण सरळच छान दिसतंय."

"छान दिसतं गं," ते म्हणाले. "पण मग ते दुसरंच कुठलं तरी होतं." आणि त्यांनी धुराडं वाकवलं. मग डावीकडची पायरी कापून काढली. ती पायरी करायला त्यांना अकरा दिवस लागले होते, मला माहीत आहे, कारण त्या अकरा दिवसांत ते कुणाशी बोलत नव्हते. पायरी त्यांनी दातांच्या रिकाम्या डबीत टाकली. मी दुकानात परत आले.

सहाव्या आठवड्यात कवळी तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी ती बसवली आणि काकू तशाच दवाखान्यातून थेट आमच्याकडे आल्या. ताईही खाली आली. ताईने बशीत बिस्किटं ठेवली, चांगली कडक. काकूंनी एक उचललं आणि चहात बुडवायला नेलं, मग थबकल्या आणि कोरडंच तोंडात घातलं.

"पुढच्या दातांनी नको, बाजूने," भाऊजी म्हणाले.

कटकन आवाज झाला. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत होतो. काकू चावत राहिल्या, उजवीकडून. एक संपलं, दुसरं घेतलं. ते संपलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मेलं बिस्किट घशाशी गेलं."

मग त्यांनी टेबलावरचं इंजिन जवळ ओढलं. वाकडं धुराडं, डावीकडे पायरी नाही, आत नव्याने बसवलेली खोक्याची फळी. बराच वेळ पाहिलं.

"हिरवा मात्र बरोबर काढलात," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. "पण हा सोमवारचा."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"रविवारी धक्का बंद. मग हे आणि कोळसेवाला मिळून ते घासून धुवायचे. सोमवारी हिरवंगार. मंगळवारी धूर बसायचा, बुधवारी तेल. गुरुवारपासून काळंकुट्ट. पुन्हा रविवारी धुवायचे. मी म्हणायचे, कशाला जीव काढताय, कोण बघतंय त्या डबड्याला?"

भाऊजी खुर्चीत मागे रेलले.

"पोती सोमवारी यायची," ते हळूच म्हणाले. "प्लास्टरची."

मी त्याच पावली जाऊन मोजपट्टींना निरोप दिला. म्हटलं, सुटले. दोघंही बरोबर, दोघांचंही समाधान, मिटलं एकदाचं. मी किती भाबडी होते!

रविवारच्या सभेत मोजपट्टींनी हिशेब मांडून आणला. आठवड्याचे कामाचे दिवस सहा. हिरवा एक. मळकट दोन. काळे तीन. "म्हणजे बहुमत काळ्याचं."

"मी मतदान घेतलेलं नाही," भाऊजी म्हणाले.

"मग ठरवा, प्रतिकृती कुठल्या वाराची आहे? इंजिनाखालच्या पाटीवर लिहावं लागेल."

"बुधवारची करा," एक पाववाला म्हणाला. "म्हणजे दोन्हीही," दुसरा म्हणाला. मास्तर म्हणाले, निळ्या इंजिनाला हा प्रश्नच येत नाही, ते रोज धुतात. आणि पुन्हा सुरू. पाचही आवाज, एका वेळी. मी चहा द्यायला आत गेले होते, तिथेच प्लायवूडला डोकं टेकलं.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या.

त्या त्यांच्यातच बसल्या होत्या, हे सगळे विसरले होते. त्यांनी पॉलिशच्या मोटरखालची काळी तेलकट चिंधी उचलली आणि इंजिन मांडीवर घेतलं. भाऊजी अर्धवट उठले, पुन्हा बसले. काकूंनी चाकांपासून सुरुवात केली. मग बॉयलरच्या खालच्या अंगाला, मग धुराड्याच्या बुडाशी. कुठे दाबून, कुठे नुसतं टेकवून. अंदाजाने केल्यासारखं वाटत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कुठे काय सांडतं हे जसं ठाऊक असतं तसं त्यांना ते ठाऊक होतं. दाराजवळच्या दांड्याशी येऊन त्या थांबल्या आणि तेवढी जागा अंगठ्याने पुसून स्वच्छ केली.

"इथे शनिवारीसुद्धा हिरवंच असायचं," त्या म्हणाल्या. "चढताना यांचा हात घासायचा."

मोजपट्टींनी त्यावर पुरावा मागितला नाही. माझ्या माहितीत तरी ती एकमेव वेळ.

यालाही आता वर्ष होऊन गेलं. काकू मंडळाच्या सभासद झाल्या. झाल्या म्हणजे, त्यांनी यायचं थांबवलंच नाही. मुख्याध्यापिका बाईंना भाऊजींनी दुसरी कवळी करून दिली आणि स्वतः जाऊन माफी मागून आले. वाद थांबले का? छे. पाटीवर 'बुधवार' लिहायचं की 'गुरुवार' यावर चार सभा झाल्या, आणि पाटी अजून कोरी आहे. ताईने दिलेली महिन्याची मुदत कधीच टळून गेली. त्याबद्दल बोलायचं ती टाळते, कारण मंगळवारी आणि शुक्रवारी काकू आता तिच्याकडे वर जाऊन बसतात.

मागच्या महिन्यात काकूंची पाळी होती, आवडत्या इंजिनावर बोलायची. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला एकही आवडत नाही." आणि मग का आवडत नाही हे पाऊण तास सांगितलं. धुतलेल्या शर्टांपासून सुरुवात केली. धूर, गुडघे, गार झालेलं जेवण, पोटरीवरचा डाग, काही सोडलं नाही. त्या पाऊण तासात मधे कुणी बोललं नाही, मास्तरसुद्धा. मला वाटलं प्लायवूड एकदाचं जाड झालं की काय, म्हणून मी मशीन थांबवून कान लावला.

भाषण संपलं तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. मोजपट्टींनी घसा खाकरला. "एकच प्रश्न," ते म्हणाले. "कोळशाचं फावडं. त्याचा दांडा किती लांब होता?"

काकूंनी दोन्ही हात हवेत धरून दाखवलं, एवढा. आणि मोजपट्टींनी खिशातून टेप काढला, खुर्चीवरून उठले, आणि त्यांच्या दोन हातांमधली हवा मोजून वहीत लिहून घेतली. काकू बिचाऱ्या तोवर हात तसेच धरून उभ्या होत्या.

भाऊजींनी त्याच दिवशी फावड्याचं मेण काढलं. काल ओतून झालं. मोजपट्टी आज सकाळी बघून गेले, आणि त्यांचं म्हणणं, ते पाव मिलिमीटरने जाड झालंय. भाऊजी आत पॉलिशची मोटर लावून बसले आहेत, मला तीन कोट द्यायचे आहेत, आणि समोर इस्त्रीच्या टेबलावर त्यांनी पुन्हा काहीतरी वाळत ठेवलंय.